पगारावरील आयकर: टप्पे, टीडीएस आणि परतावा

पगारदाराचा आयकर वर्षाअखेरीची वाट न पाहता दरमहा पगारातूनच कापला जातो. या कपातीला टीडीएस म्हणतात. आयकर कायदा, १९६१ च्या कलम १९२ नुसार ती करण्याची जबाबदारी कंपनीची, म्हणजे पगार देणाऱ्याची असते. या लेखातील आकडे, कलमे व फॉर्म आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. त्यापुढच्या प्रत्येक ४ लाखांना अनुक्रमे ५, १०, १५, २० व २५ टक्के आणि २४ लाखांवरील रकमेला ३० टक्के दर लागतो. वाढलेला दर फक्त त्या टप्प्यात पडणाऱ्या रकमेवर असतो, सगळ्या उत्पन्नावर नव्हे. त्यामुळे ‘पगारवाढ घेतली आणि टप्पा बदलून नुकसान झाले’ ही तक्रार बहुधा चुकीची असते. वार्षिक पगार १५,७५,००० रुपये असेल, तर ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १५ लाख करपात्र राहतात. कर २०,००० + ४०,००० + ४५,००० = १,०५,०००; त्यावर ४ टक्के उपकर धरून १,०९,२००, म्हणजे दरमहा ९,१००. शेवटचा टप्पा १५ टक्क्यांचा असला तरी एकूण पगाराच्या मानाने कर जेमतेम ७ टक्के पडतो.

खरा खड्डा १२ लाखांच्या सीमेवर असता. तेथपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कलम ८७अ ची सूट कर शून्यावर आणते. सीमा १०,००० ने ओलांडली, तर टप्प्यांप्रमाणे कर ६१,५०० होतो. पण सीमांत सवलतीमुळे, म्हणजे सीमेवरच्या जादा उत्पन्नापेक्षा कर जास्त होऊ न देणाऱ्या तरतुदीमुळे, तो १०,००० वरच थांबतो (उपकर वेगळा). ही सवलत सुमारे १२.७० लाखांपर्यंत पुरते. शेअरवरील अल्पकालीन भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावरील कराला मात्र ८७अ ची सूट मिळत नाही, आणि हे अनेकांना विवरणपत्र भरतानाच कळते.

टीडीएस हा अंदाज असतो. कंपनी वर्षभराचा पगार गृहीत धरून कर काढते आणि उरलेल्या महिन्यांत वाटते. गुंतवणूक व घरभाड्यावर सवलत देणारी जुनी प्रणाली निवडलेल्याने गुंतवणुकीचे पुरावे व घरभाड्याच्या पावत्या वेळेत दिल्या नाहीत, तर शेवटच्या दोन-तीन पगारांतून मोठी रक्कम जाते.

सर्वांत जास्त फसगत नोकरी बदलताना होते. वरील उदाहरणातील व्यक्तीने १ ऑक्टोबरला तेवढ्याच पगारावर नवी नोकरी धरली आणि आधीच्या पगाराचा तपशील फॉर्म १२ब मध्ये दिला नाही, तर नव्या कंपनीला सहा महिन्यांचे ७,८७,५०० रुपयेच दिसतात. तीही प्रमाणित वजावट व ८७अ ची सूट देऊन टीडीएस शून्य धरते. पहिल्या कंपनीने ५४,६०० कापलेले असतात. उरलेले ५४,६०० स्वतः भरावे लागतात. ते मार्चअखेरपर्यंत आगाऊ कर म्हणून भरले नाहीत, तर एप्रिलपासून कलम २३४ब खाली दरमहा १ टक्का व्याज लागते. आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचे २३४क चे व्याज वेगळे. मुदत ठेवींचेही असेच: बँक १० टक्के कापते, ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्याला बाकीचा फरक भरावाच लागतो.

कापलेला कर प्रत्यक्ष करापेक्षा जास्त असेल, तर विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. आधी फॉर्म १६ (कंपनीने दिलेले टीडीएस प्रमाणपत्र) आणि २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) मधील आकडे जुळवावेत. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करावी लागते; ती राहिली तर परताव्याची प्रक्रियाच सुरू होत नाही. बँक खाते आयकर पोर्टलवर आधीच प्रमाणित हवे. पॅनवरील आणि खात्यावरील नाव जुळत नसेल किंवा बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी बदलला असेल, तर पैसे परत फिरतात आणि पुन्हा विनंती करावी लागते. वेळेत विवरणपत्र भरलेल्याला १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते, पण परतावा एकूण कराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास नाही. हे व्याज करपात्र असते. मागील वर्षाची थकबाकी असल्यास आयकर खाते कलम २४५ ची सूचना पाठवून ती परताव्यातून वळती करते. मागणी चुकीची वाटली तर मुदतीत पोर्टलवर हरकत नोंदवावी.

कंपनीने कर कापला पण सरकारकडे भरला नाही, किंवा पगारावरील टीडीएसच्या तिमाही २४क्यू विवरणात पॅन चुकला, तर २६एएस मध्ये ती रक्कम दिसत नाही आणि परतावा अडतो. पॅनची चूक कंपनीने सुधारित विवरण दिल्याशिवाय दुरुस्त होत नाही. न भरलेल्या कराबाबत कलम २०५ नुसार कापलेली रक्कम कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. मात्र कपात झाल्याचा पुरावा म्हणून दरमहाच्या पगारपत्रकांची प्रत आणि पगार जमा झाल्याच्या बँक नोंदी हाताशी लागतात.