कर्करोगाच्या गाठीत विषाणू: गुण आला हे ठरवायचे कसे?

तापानंतर ओठांच्या कडेला पाणीदार पुळ्या आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू (नागिणीचा विषाणू याच कुळातला, पण निराळा) जनुकीय फेरफार करून कर्करोगाविरुद्ध वापरता येतो. ‘टी-व्हेक’ नावाच्या अशा औषधाला मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी अमेरिकेत ऑक्टोबर 2015 मध्ये मान्यता मिळाली.

या विषाणूतून दोन जनुके काढून टाकलेली आहेत. विषाणू शिरला की निरोगी पेशी आपली प्रथिननिर्मिती थांबवून त्याची वाढ रोखते, आणि हा अडसर दूर करणे हे त्यांपैकी एका जनुकाचे काम असते. ते काढल्यावर विषाणू निरोगी पेशीत फारसा वाढू शकत नाही. अनेक कर्कपेशींत मात्र बचावाची ही व्यवस्थाच बिघडलेली असल्याने तिथे तो वाढतो आणि पेशी फुटते. दुसरे जनुक बाधित पेशीला प्रतिकारयंत्रणेच्या नजरेआड ठेवते, म्हणून तेही वगळले आहे. शिवाय प्रतिकारपेशींना चेतवणारे जीएम-सीएसएफ हे प्रथिन बनवणारे मानवी जनुक त्यात घातलेले आहे. फुटलेल्या पेशींच्या अवशेषांवरून कर्करोगाची ओळख पटून शरीराने सुई न लागलेल्या गाठींवरही हल्ला करावा, हा त्यामागचा हेतू. टोचलेली गाठ विरघळणे हा माझ्या मते त्यातला कमी महत्त्वाचा भाग.

उणे 70 अंश सेल्सिअसच्याही खाली गोठवून ठेवलेले हे औषध वितळवून थेट गाठीत टोचतात आणि सुई एकाच छिद्रातून निरनिराळ्या दिशांना फिरवतात. पहिल्या वेळी दर मिलिलिटरमागे 10 लाख विषाणू, तीन आठवड्यांनी त्याच्या शंभरपट आणि पुढे दर दोन आठवड्यांनी तितकेच दिले जातात. टोचलेली जागा झाकून ठेवावी लागते, कारण आत जिवंत विषाणू असतो. घरातील गरोदर स्त्रीने त्या पट्टीला हात लावायचा नसतो.

मान्यतेचा आधार ठरलेल्या ‘ऑप्टिम’ चाचणीत शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या मेलानोमाचे 436 रुग्ण होते. तुलनेच्या गटाला नुसते जीएम-सीएसएफ दिले गेले. येथे एक विचित्र अडचण होती: उपचार सुरू झाल्यावर गाठ आधी वाढू शकते. ज्यांना पुढे गुण आला त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांत आधी गाठी वाढल्या होत्या किंवा नव्या उमटल्या होत्या, त्यामुळे नेहमीच्या नियमाने उपचार लगेच थांबवले असते तर हे यश दिसलेच नसते. म्हणून किमान सहा महिने टिकणारा प्रतिसाद हा मुख्य निकष धरला होता. तो विषाणूच्या गटात 16.3 टक्के, तर दुसऱ्या गटात 2.1 टक्के रुग्णांत दिसला. जगण्याच्या कालावधीचा मध्यांक (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक काळ जगले तो आकडा) अनुक्रमे 23.3 आणि 18.9 महिने भरला, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर अगदी थोडक्यात हुकला. टोचलेल्या गाठींपैकी 64 टक्के गाठी निम्म्याने तरी आटल्या; यकृत-फुप्फुसांसारख्या अवयवांतील न टोचलेल्या गाठींत हेच प्रमाण सुमारे 15 टक्के होते. मूळ हेतूच्या दृष्टीने हा आकडा तुटपुंजा आहे, आणि तुलनेसाठी निवडलेले औषधही दुबळेच होते.

पुढे पेम्ब्रोलिझुमाब या प्रतिकारशक्तीला मोकळीक देणाऱ्या औषधासोबत टी-व्हेक देऊन पाहिले. 692 रुग्णांच्या त्या चाचणीत ठोस फायदा आढळला नाही. जपानने 2021 मध्ये मेंदूतील घातक गाठींसाठी तीन फेरफार केलेल्या हर्पिस विषाणूला सशर्त परवानगी दिली. अमेरिकेत मात्र ‘आरपी-1’ या नव्या हर्पिस विषाणूचा अर्ज जुलै 2025 मध्ये परत पाठवला गेला. सुमारे एकतृतीयांश रुग्णांना त्याने गुण आला होता, पण त्या चाचणीत तुलनेचा गटच नव्हता.