पोट बिघडलं म्हणून दही घ्यायला येणाऱ्यांसाठी

पावसाळा लागला की आमच्या काउंटरवर रोज दोन-चार जण तरी येऊन सांगतात, "काल बाहेरचं खाणं झालं, सकाळपासून जुलाब आहेत, अर्धा किलो साधं दही द्या." आम्ही देतो. मग पुढचा प्रश्न येतो, "याने बरं वाटेल ना?" मागे रांग असते, त्यामुळे नीट उत्तर देणं होत नाही. ते उत्तर या कागदावर आहे. दहीवाल्यांनी छापलंय म्हणजे दह्याची जाहिरात असणार, असं समजून लगेच चुरगाळू नका. यात आमच्या धंद्याला न परवडणारंही बरंच आहे.

भरलेला वाडा

आपल्या अंगात अंदाजे 38 लाख कोटी जीवाणू राहतात आणि त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात असतात. हा अंदाज 2016 सालचा. "शरीरातल्या पेशींच्या दहापट जंतू" हे वाक्य अजूनही फिरतं, पण ते जुनं झालं. पेशी आणि जंतू साधारण बरोबरीत निघाले. सगळ्यांचं मिळून वजन भरतं पाव किलोच्या आत, म्हणजे आमच्या सर्वांत लहान डब्यात मावेल एवढं.

पेठेतला जुना वाडा आठवा. प्रत्येक खोलीत बिऱ्हाड, जिन्याखालची जागासुद्धा कोणीतरी धरलेली. नवा माणूस आला तर त्याने पथारी पसरायची कुठे? खाण्यातून आलेल्या रोगजंतूची आतड्यात हीच पंचाईत होते. खायला मिळेल ते आधीच्यांनी संपवलेलं असतं, भिंतीजवळची जागा अडलेली असते, वर हे रहिवासी अशी आम्लं सोडतात की नवख्याला वाढणं जड जावं. या रहिवाशांची किंमत किती, ते शिकागोत बोनहॉफ आणि मिलर यांनी उंदरांवर 1954 पासून केलेल्या प्रयोगांत दिसलं. साध्या उंदराला साल्मोनेला या जुलाब लावणाऱ्या जंतूची लागण व्हायला लाखभर जंतू पोटात घालावे लागत. त्याला आधी स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक देऊन आतले रहिवासी मारले असतील, तर दहासुद्धा लागत नसत.

म्हणूनच चौघं एकाच गाडीवर खातात आणि आजारी एकच पडतो, यात नवल नाही. पोटातलं आम्ल, वय, त्या घासात किती जंतू गेले, हे सगळं त्यात येतंच. पण आत कोण राहतंय, हेही येतं.

घुसखोर आग का लावतो

मोठ्या आतड्याच्या पोकळीत प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथले जीवाणू आपल्याला न पचलेला चोथा खातात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन तेच. ते जाळताना रक्तातून आलेला प्राणवायू पेशीतच संपतो, पोकळीत उतरत नाही. जंतू पेशींना जेवू घालतात, पेशी जंतूंना प्राणवायूपासून जपतात. दोघांचं असं छान चाललेलं असतं.

साल्मोनेला हे मोडतो, तेही मुद्दाम. तो अस्तरात शिरून दाह पेटवतो. पांढऱ्या पेशी त्याला मारायला धावतात आणि जहाल रसायनं सोडतात. गंमत पुढे आहे. त्या रसायनांमुळे आतड्यात आधीपासून असलेल्या गंधकाच्या एका संयुगाचं टेट्राथायोनेट होतं, आणि प्राणवायू नसताना साल्मोनेला त्याच्यावर श्वास घेऊ शकतो. जुन्या रहिवाशांना ते जमत नाही. 2010 साली हे उंदरांमध्ये दाखवलं गेलं. आपलं शरीर हल्ला करतं आणि त्या हल्ल्याचा धूरच शत्रूला पुरतो! मुरडा, ताप, जुलाब हे सगळं त्या आगीचं. त्यात रहिवासीही वाहून जातात.

ते परत कसे येतात, हे ढाक्यातल्या कॉलराच्या रुग्णांवरून चांगलं कळलं. जुलाब थांबल्यावर प्राणवायू चालणारे जंतू आधी वाढतात, आतड्यातला प्राणवायू संपवतात, मग प्राणवायू न सोसणारे हळूहळू घर मांडतात. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की हा क्रम तान्ह्या बाळाच्या आतड्यात वस्ती होते त्या क्रमाशी बराच जुळतो. म्हणजे पोट पुन्हा एकदा लहानपणापासून सुरुवात करतं. याला काही आठवडे लागतात. तेव्हा जुलाब थांबले त्याच संध्याकाळी मिसळ खाऊन वर "अजून पोट नाजूकच आहे हो" अशी तक्रार करू नये.

एक अपवाद. खाल्ल्यापासून तासा-दोन तासांत उलट्या सुरू झाल्या, तर तो बहुधा अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा प्रताप असतो. तिथे आतड्यातल्या रहिवाशांना करण्यासारखं फारसं नसतं. आपल्या घरातला नेहमीचा संशयित म्हणजे रात्रभर ओट्यावर राहिलेला भात. त्यात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू रुजतात आणि विष तयार करतात. सकाळी कितीही खमंग फोडणी दिली तरी ते विष टिकतं. फोडणीचा भात जरूर करा, पण रात्रीचा भात पसरून निववून लवकर फ्रिजमध्ये गेलेला असू द्या.

मग दही काय करतं?

दह्यातले जंतू पाहुणे आहेत. येतात, दोन दिवस राहतात, जातात. दही बंद केलं की थोड्याच दिवसांत ते सापडेनासे होतात. रिकाम्या झालेल्या खोल्या ते कायमच्या भरत नाहीत. औषधाच्या दुकानातल्या प्रोबायोटिक (म्हणजे जिवंत चांगल्या जंतूंच्या) पुड्यांबद्दलही फार आशा धरू नका. 2018 साली अमेरिका आणि कॅनडात जुलाब-उलट्या झालेल्या लहान मुलांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. पुडी घेतलेली आणि जंतू नसलेली नुसती दिखाऊ पुडी घेतलेली मुलं सारखीच बरी झाली. त्याच वर्षी इस्रायलमधल्या एका छोट्या अभ्यासात, अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांचे स्वतःचे जंतू परतायला काहीच न घेतलेल्यांपेक्षा उशीर लागला.

असं असूनही आजीचा दहीभात चुकीचा नव्हता, फक्त त्याचं कारण वेगळं आहे. जुलाबांत लहान आतड्याचं अस्तर झिजतं आणि दुधातली साखर पचवणारं विकर काही दिवस कमी पडतं. त्या काळात दूध प्यायलं तर पोट फुगतं, पुन्हा जुलाब होतात. दह्यात ती साखर कमी असते आणि उरलेली पचवायला दह्यातले जंतू मदत करतात. म्हणून ते सोसतं. मऊ भात, मुगाचं वरण, केळं, थोडं दही असं दोन-तीन दिवस चालू द्या, मग भाकरी आणि भाज्यांवर या. चोथा आला की रहिवाशांना खायला मिळतं.

पण पहिल्या दिवशीचं औषध दही नव्हे, ओआरएस. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ असताना सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं आणि मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं ते 4 टक्क्यांच्याही खाली आलं. पाकीट एक लिटरचं असेल तर पाणीही एक लिटरच घ्या. "थोडं गोड लागू दे" म्हणून अर्ध्या लिटरात घालू नका. लहान मुलांना डॉक्टर सोबत झिंक देतात, तेही पूर्ण दिवस द्या.

आणि अँटिबायोटिक मनाने घेऊ नका. कपाटातल्या मागच्या वेळच्या उरलेल्या दोन गोळ्या तर मुळीच नको. शिकागोच्या उंदरांचं काय झालं ते वर वाचलंतच. साध्या साल्मोनेलाच्या जुलाबांत अँटिबायोटिकने बरं लवकर वाटत नाही, उलट जंतू शौचातून जास्त दिवस पडत राहू शकतात. टायफॉइड, कॉलरा, रक्ती आव यांची गोष्ट वेगळी. ते डॉक्टर ठरवतील.

डॉक्टरांकडे लगेच कधी

शौचातून रक्त, 102च्या पुढे ताप, सहा-आठ तास लघवी नाही, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, तीन दिवस झाले तरी उतार नाही. तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस असेल तर यातल्या कशाचीही वाट पाहू नका.

आणखी एक गोष्ट पुण्यात वेगळी सांगावी लागत नाही, तरी लिहितो. 2025च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला होता. कच्च्या राहिलेल्या चिकनमधून किंवा दूषित पाण्यातून येणारा हा जंतू. त्याच्या आवरणावरची साखर आपल्या नसांवरच्या साखरेसारखी दिसते, म्हणून क्वचित एखाद्याच्या शरीराची फौज चुकून नसांवरच चालून जाते. असं फार थोड्यांना होतं. पण जुलाब बरे झाल्यावर आठवडा-तीन आठवड्यांत पायांना मुंग्या आल्या, जिना चढताना पाय उचलेना, तर तडक हॉस्पिटल गाठा.

आता आमच्याबद्दल. दही लागलं की आम्ही ते लगेच थंडीत ठेवतो. तुम्हीही नेल्यावर ओट्यावर ठेवू नका. घरी लावत असाल तर ताजं आंबट विरजण वापरा आणि दूध उकळून कोमट झाल्यावरच लावा. दूध आंबायला फार वेळ लागला तर नको ते जंतू आधी हात धुऊन घेतात. पावसाळ्यात आम्ही घरच्या भांड्यात दही देत नाही, कृपया आग्रह करू नये. आणि जुलाबांत रक्त पडतंय असं सांगितलंत, तर काउंटरवरचा मुलगा दही बांधण्याआधी "डॉक्टरांकडे जाऊन आलात का?" असं विचारेल. त्याच्यावर चिडू नका, आम्हीच त्याला तसं सांगून ठेवलं आहे.