ट्रॅक्टरचा एचपी: एका आकड्याची पार्श्वभूमी

‘45 चा ट्रॅक्टर’, म्हणजे 45 एचपी (हॉर्सपॉवर) ताकदीचा, घेतला म्हणून रोटाव्हेटरला, म्हणजे मागं फिरत्या पात्यांनी माती फोडणाऱ्या अवजाराला, 45 एचपी मिळत नाहीत. घेणाऱ्याला हे बहुधा पहिल्या पावसानंतरच्या वाफशात कळतं. ओलसर काळ्या रानात रोटा जरा खोल गेला की इंजिनाचा आवाज जड होतो, मीटरवरचा काटा 540 च्या खुणेखाली घसरतो आणि चालवणारा मागं न बघता हायड्रॉलिकचा दांडा बोटभर वर ओढतो. खोली कमी होते, आवाज सुटतो, ढेकळं मात्र राहतात. कारखाने दरवर्षी नवं मॉडेल काढतात, त्यातली बरीचशी धडपड या बोटभर खोलीसाठी असते.

सुरुवात वेगळी होती. देशात ट्रॅक्टर बनायला लागला 1960 च्या सुमारास फरीदाबादला, जर्मन आराखड्यावर. कांदिवलीचा पहिला ट्रॅक्टर 1965 मध्ये बाहेर पडला, तोही परदेशी सहकार्यानं. मोहालीचा 1974 चा ट्रॅक्टर मात्र इथलाच. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत झाला होता. त्या काळी ट्रॅक्टरकडून दोनच कामांची अपेक्षा असे, नांगर ओढायचा आणि ट्रॉली ओढायची. ओढायला वजन लागतं, टायरची पकड लागते, गिअर लागतो. इंजिनाची ताकद थोडी कमी भरली तरी खालचा गिअर टाकून निभावून जायचं.

रोटाव्हेटर आला आणि हिशोब बदलला. या अवजाराला ओढ फारशी लागत नाही. त्याला मागच्या शाफ्टवर, म्हणजे पीटीओवर, मिनिटाला 540 फेरे अखंड लागतात. द्राक्षबागेत पंख्याच्या हवेनं औषध फवारणाऱ्या ब्लोअरचंही तेच. फेरे कमी झाले की पंख्याची हवा मंदावते आणि औषध कॅनोपीच्या, म्हणजे वेलीच्या पानांच्या पसाऱ्याच्या, आतल्या पानापर्यंत जात नाही. तिथं गिअर बदलून काही साधत नाही. बागेत दोन ओळींमधून जाणारा अरुंद, लहान ट्रॅक्टर लागतो आणि नेमकी त्याच्याकडे राखीव ताकद सगळ्यात कमी.

‘एचपी’ या शब्दाचा गुंता इथूनच सुरू होतो. हा एकच शब्द तीन वेगळ्या जागी मोजलेल्या ताकदीला वापरला जातो. एक इंजिनाची. दुसरी पीटीओवर पोचणारी. गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक पंप आपला वाटा घेऊन उरते ती, साधारण 10 ते 15 टक्के कमी. तिसरी ओढीची, जी जमिनीवर अवलंबून असते आणि भुसभुशीत रानात आणखी बरीच उतरते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापला जातो तो पहिला आकडा. ट्रॅक्टरच्या अनुदानाचे गट मात्र दुसऱ्यावर ठरतात. केंद्राच्या यांत्रिकीकरण योजनेत 8 ते 20, 20 ते 40 आणि 40 ते 70 ‘पीटीओ एचपी’ असे टप्पे आहेत. त्यामुळं शोरूममध्ये 45 म्हणून दाखवलेला ट्रॅक्टर अनुदानाच्या यादीत 40 च्या आतल्या गटात असू शकतो. अर्ज भरणाऱ्याला वाटतं आपलंच काही चुकलं. चूक त्याची नसते.

मॉडेलच्या नावातल्या आकड्यावर तर अजिबात विसंबू नये. तो एचपीचा असेलच असं नाही, आणि नाव तेच ठेवून आतली ताकद बदललेलीही असते.

खरा आकडा कुठं मिळतो, तर चाचणी अहवालात. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनीला केंद्र सरकारची संस्था 1955 पासून आहे. तिथं शाफ्टला मोजयंत्र जोडून तासन् तास इंजिन चालवतात. अहवालात कमाल ताकद वेगळी, इंजिनाच्या ठरलेल्या फेऱ्यांवरची वेगळी आणि 540 वरची वेगळी नोंदवलेली असते. भर उन्हाळ्यासारख्या तापलेल्या हवेत ती किती घटते तेही असतं. विदर्भात मे महिन्यात नांगरट करणाऱ्यानं हा शेवटचा आकडा आधी बघावा. पण अहवाल मागणारा गिऱ्हाईक विरळा, आणि आपणहून पुढं करणारा विक्रेता त्याहून विरळा.

या गुंत्यात 2023 पासून चौथा आकडा आला, धुराचा. ट्रॅक्टरच्या धुरावर मर्यादा 1999 पासून होत्या आणि 2003, 2005 व 2010-11 मध्ये त्या टप्प्याटप्प्यानं कडक झाल्या. तेवढ्यापुरतं पंप, नोझल, पिस्टन सुधारून भागत आलं. पुढचा टप्पा, ‘ट्रेम 4’, मोठी उडी होती. मूळ तारीख ऑक्टोबर 2020. ती सरकत सरकत 1 जानेवारी 2023 ला लागू झाली. तीही फक्त 37 किलोवॅटच्या वरच्या ट्रॅक्टरना, म्हणजे ढोबळमानानं 50 एचपीच्या वर. या ट्रॅक्टरमध्ये डिझेल जास्त दाबानं सोडणारा कॉमन रेल पंप आला, सेन्सर आले, बऱ्याचशांत धुराच्या नळीत काजळीचा फिल्टर आला. किंमत चढली. गावातला मेस्त्री पाना घेऊन जे करत होता त्यासाठी आता लॅपटॉप घेऊन माणूस यावा लागतो, आणि ऐन पेरणीत तो आज येतो की परवा, यावर हंगाम ठरतो.

रेघ 50 वर ओढली गेली. देशातली ट्रॅक्टरविक्री मुख्यतः 30 ते 50 एचपीतली, म्हणजे बहुसंख्य ट्रॅक्टर रेघेच्या आत राहिले. रेघेच्या जरा वर असलेली काही मॉडेलं मग 50 च्या आत आणली गेली. इंजिन तेवढंच मोठं, डिझेलचा पुरवठा आणि फेरे थोडे कमी, टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जपलेला. कारखान्यांचं म्हणणं, शेतकऱ्याला परवडणारं आणि गावात दुरुस्त होणारं यंत्र आम्ही राखलं. विरोधातलं म्हणणं, विकास पुढं जायचा तो आकड्याच्या कुंपणापाशी थांबला आणि धूर तसाच राहिला. दोन्हीत तथ्य आहे. माझा कौल तरी पहिल्या बाजूला झुकतो, कारण अडीच-तीन एकरवाल्यानं लाखाच्या घरातला जादा खर्च कुठून काढायचा याचं उत्तर दुसऱ्या बाजूनं कधी दिलेलं नाही. पण पहिल्या बाजूवरही एक जबाबदारी येते. बॉनेटखालची ताकद बदलली असेल तर 540 फेऱ्यांवर शाफ्टला काय मिळतं, ते ठळक छापायला हवं.

या रेघेचा एक चांगला परिणाम झाला. इंजिनाचा एचपी वाढवायची वाट बंद झाल्यावर कारखान्यांचं लक्ष ताकदीची गळती रोखण्याकडं आणि चालवणाऱ्याच्या अंगमेहनतीकडं वळलं. तेलात बुडालेले ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, बाजूला आलेला गिअरचा दांडा, कमी फेऱ्यांत जास्त टॉर्क, हलक्या कामाला डिझेल वाचवणारा वेगळा पीटीओ, जास्त वजन उचलणारी लिफ्ट. यातलं बरंच आधीही होतं, त्यावरचा भर वाढला. गिऱ्हाईकही बदललं आहे. “किती एचपीचा?” याच्या मागोमाग “टॉर्क किती, लिफ्ट किती?” असं विचारलं जातं. काही माहितीपत्रकांत पीटीओचा एचपीही येऊ लागला आहे, मागच्या पानावर, तक्त्याच्या मधल्या ओळीत.

पुढचा टप्पा ‘ट्रेम 5’ चा. त्यात काजळीची कडक मर्यादा 19 किलोवॅटपर्यंत खाली येते, म्हणजे साधारण 25 एचपीपासून. पहिली तारीख एप्रिल 2024 होती, तीही पुढं गेली. त्या टप्प्यात 49 एचपीच्या ट्रॅक्टरला ‘ट्रेम 4’ मध्ये मिळालेली सूट उरत नाही आणि द्राक्षबागेतला ब्लोअर ओढणाऱ्या लहान ट्रॅक्टरपैकीही 25 एचपीच्या वरचे त्या नियमात येतात.