होल्टर तपासणी

हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता शोधण्यासाठी अंगावर बाळगायच्या छोट्या यंत्राने सलग २४ ते ४८ तास घेतलेला ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युत लहरींचा आलेख. दवाखान्यातला नेहमीचा ईसीजी जेमतेम १० सेकंदांचा असतो, हृदय मात्र दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते. मधूनच धडधड किंवा चक्कर येणारा रुग्ण डॉक्टरांसमोर बसला की बहुधा सगळे सुरळीतच दिसते.

अमेरिकेतील मोंटाना राज्याचे जीवभौतिकशास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर यांचे पहिले उपकरण पाठीवर वाहावे लागे. वजन सुमारे ३८ किलो. १९६१ मध्ये त्यांनी 'सायन्स' नियतकालिकात ही पद्धत मांडली. आजचे यंत्र खिशात मावते.

या नोंदीत मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशन शोधतात. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरतात, रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. हा धोका सुमारे पाचपट वाढतो. संधिवाती तापाने मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली) अरुंद झालेली असेल, तर तो त्याहूनही जास्त असतो. ठोक्यांमधले लांब विराम सापडल्यास पेसमेकरचा (ठोके नियमित ठेवणाऱ्या, शरीरात बसवायच्या यंत्राचा) विचार होतो.

नागपुरात उपचारासाठी भंडारा, गोंदिया, गडचिरोलीबरोबर छिंदवाडा, बालाघाटकडूनही रुग्ण येतात. यंत्र लावायला एकदा आणि परत करायला पुन्हा, म्हणजे बाहेरगावच्या माणसाचा शहरात मुक्कामच. त्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. घामाने छातीवर चिकटवलेले इलेक्ट्रोड (लहरी टिपणाऱ्या चकत्या) सुटतात आणि आलेखात खोटी खळबळ उमटते. यंत्र काढेपर्यंत आंघोळही सहसा बंद. म्हणून दिवसभर कूलरपुढे पडून राहिल्यास आलेख स्वच्छ येईल, पण हाती फारसे लागणार नाही. जिने, बाजार, शेतातले काम नेहमीसारखेच चालू हवे. त्रास कधी झाला, तेव्हा काय करत होतो, हे रुग्णाने वेळेसह लिहायचे टिपण यंत्राइतकेच मोलाचे. नेमके तेच बहुतेकांकडून कोरे येते.

मनगटी घड्याळे प्रकाशाने नाडी मोजतात, काही एका लीडचा (एकाच कोनातून घेतलेला) ईसीजीही घेतात. त्यांचा इशारा दुर्लक्षू नये, पण निदान डॉक्टरांनी ईसीजी तपासूनच करायचे. एट्रियल फिब्रिलेशन ठरवायला अशा एका लीडच्या नोंदीत अनियमितता किमान ३० सेकंद दिसावी लागते. त्रास आठवड्यांनी होत असेल तर १४ दिवसांपर्यंत ईसीजी नोंदवणारी, छातीवर चिकटवायची पट्टी, आणि महिनोन्‌महिन्यांनी शुद्ध हरपत असेल तर त्वचेखाली बसवायचा, सुमारे तीन वर्षे चालणारा लूप रेकॉर्डर वापरतात.