बर्फाखालून जाणाऱ्या देवमाशांची मोजदाद

देवमाशांच्या शिकारीचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९७७ साली एक निर्णय घेतला आणि अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील इनुपियात लोकांना बोहेड जातीच्या देवमाशाची शिकार करण्याची जी सवलत होती, ती काढून घेतली. कारण उघड होते. १८४८ मध्ये अमेरिकी व्यापारी शिकारी जहाजे बेरिंगच्या सामुद्रधुनीपलीकडे पोहोचली आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत त्यांनी तेलासाठी आणि तोंडातल्या लवचीक पट्ट्यांसाठी या प्राण्याची अमर्याद कत्तल केली. त्यानंतर काही शे ते जेमतेम दोन हजार बोहेड उरले असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. इनुपियात शिकाऱ्यांना हा आकडा मान्य नव्हता. त्यांच्या मते समुद्रात कितीतरी हजार देवमासे होते. त्याच वर्षी त्यांनी स्वतःचा व्हेलिंग आयोग स्थापन केला आणि वाटाघाटींनंतर १९७८ साठी बारा देवमासे हाती लागेपर्यंत, किंवा अठरांवर वार होईपर्यंत, यांतले जे आधी घडेल तोवर शिकार करण्याची तुटपुंजी मुभा मिळवली.

हा वाद भावना आणि विज्ञान यांच्यातला होता असे समजणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. शास्त्रज्ञ मोजदाद निष्काळजीपणे करीत नव्हते. वसंत ऋतूत बोहेड बेरिंग समुद्रातून पूर्वेकडे ब्यूफोर्ट समुद्रात जातात. त्या वेळी किनाऱ्याला चिकटलेला बर्फ आणि वाहता बर्फ यांच्यामध्ये मोकळ्या पाण्याचे पट्टे तयार होतात. गणक बर्फाच्या उंचवट्यावर बसून त्या पट्ट्यातून जाणारे देवमासे मोजत. या पद्धतीमागे एक गृहीतक होते, ते असे की हवेत श्वास घेणारा प्राणी मोकळे पाणी सोडणार नाही, आणि पट्टा मिटला की प्रवासही थांबेल. शिकाऱ्यांनी नेमके याच गृहीतकावर बोट ठेवले. बोहेड बर्फाला भीत नाही, तो डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतो, आणि त्याचा प्रवास नजरेच्या टप्प्यापलीकडे, बर्फाखालून, रुंद आघाडीने चालतो, असे ते सांगत होते. हॅरी ब्रोअर यांच्यासारख्या अनुभवी शिकाऱ्यांनी ही माहिती टॉमस अल्बर्ट या पशुवैद्यक शास्त्रज्ञाला तपशीलवार दिली, आणि अल्बर्ट यांनी तिला किस्सा न मानता तपासण्याजोगे विधान मानले. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला निर्णायक क्षण हाच होता.

तपासणी ध्वनीच्या साहाय्याने झाली. बोहेड प्रवासात खालच्या पट्टीतले आवाज काढत राहतात. बर्फाच्या कडेशी काही अंतराने हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे ध्वनिग्राहक, सोडले की एकच हाक प्रत्येकापर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोहोचते आणि त्या फरकावरून हाक देणाऱ्या प्राण्याचे स्थान काढता येते. ख्रिस्तोफर क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात अशा नोंदी घेतल्या, तेव्हा गणकांना न दिसणारे देवमासे दूरवरून जाताना आढळले, आणि मोकळा पट्टा बंद झालेला असतानाही हाका ऐकू येत राहिल्या. दिसलेले आणि ऐकू आलेले देवमासे संख्याशास्त्राने एकत्र जोडल्यावर दशकाच्या अखेरीस अंदाज साडेसात हजारांच्या आसपास गेला. २००१ च्या गणनेत तो दहा हजारांपलीकडे आणि २०११ च्या गणनेत सोळा हजारांपलीकडे पोहोचला. या वाढीचे दोन भाग वेगळे ठेवायला हवेत. सुरुवातीची मोठी उडी मुख्यतः मोजणी सुधारल्याची आहे, तर त्यानंतरची, वर्षाला सुमारे साडेतीन टक्क्यांची, वाढ खरोखरच कळपाची आहे.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हे महागडे काम उभे राहिले ते नॉर्थ स्लोप बरो या स्थानिक शासनसंस्थेच्या पाठबळामुळे. ती १९७२ मध्ये स्थापन झाली आणि प्रूडो बे येथील तेलउद्योगावरील कर तिच्या तिजोरीत येत होता. ज्या समाजाचे ज्ञान तपासायचे होते, त्याच समाजाकडे शास्त्रज्ञ नेमण्याची ऐपत होती. जगातल्या बहुतेक मूलनिवासी समाजांची तशी स्थिती नाही, हे या यशाचे कौतुक करताना विसरू नये.

शिकाऱ्यांच्या इतर सांगण्यांचीही पुढे तपासणी झाली. बोहेड माणसाच्या दोन आयुष्यांइतका जगतो, असे वडीलधारे सांगत आले होते, पण त्यावर विश्वास ठेवावा असा पुरावा नव्हता. मग मारलेल्या देवमाशांच्या चरबीत दगडी भाल्यांची टोके सापडू लागली आणि तशी टोके एकोणिसाव्या शतकातच वापरातून गेली होती. १९९९ मध्ये शिकाऱ्यांनीच दिलेल्या डोळ्यांच्या भिंगांवरून वय काढण्यात आले. भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने जन्माच्या सुमारास तयार होतात आणि नंतर बदलली जात नाहीत. त्यांतील ॲस्पार्टिक आम्लाचे रेणू मात्र ठरावीक वेगाने आपल्या आरशातल्या प्रतिरूपात बदलत जातात. त्या प्रमाणावरून काही प्राणी शंभरीपार निघाले आणि एकाचे वय २११ वर्षे आले, अर्थात त्या आकड्यात बरीच वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात. धुराचा वास आला तर बोहेड दूर जातो, हे शिकाऱ्यांचे निरीक्षणही पूर्वी ऐकून सोडून दिले जात असे, कारण देवमाशांना गंध जवळजवळ कळत नाही असा समज होता. २०११ मध्ये बोहेडच्या मेंदूत सुविकसित गंधकेंद्रे आणि कार्यक्षम गंधजनुके आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

यावरून शिकाऱ्यांचे प्रत्येक म्हणणे जसेच्या तसे स्वीकारावे असे ठरत नाही. प्राणी कुठून जातो, बर्फाला कसा तोंड देतो, कशाला बुजतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होते, कारण त्यात चूक झाली तर शिकार हुकते किंवा जीव जातो. एकूण संख्येचा नेमका आकडा काढण्याचे साधन मात्र त्यांच्याकडे नव्हते, शिवाय शिकार चालू राहण्यात त्यांचे हितही होते. त्यामुळे ज्यांचे हित गुंतलेले नाही अशांना पटेल असे मोजमाप त्यांनाही हवेच होते.

हे काम संपलेले नाही, कारण ज्या बर्फावर बसून ही मोजणी होत असे, तो बर्फच बदलतो आहे. २०१९ च्या वसंतात बर्फावरील गणनेला परिस्थिती अनुकूल नव्हती आणि तिचा अंदाज साडेबारा हजारांच्या आसपास आला, तर त्याच वर्षी विमानातून झालेल्या पाहणीचा सतरा हजारांच्या आसपास. त्या शरदात देवमासे नेहमीच्या वाटेने आलेच नाहीत आणि अलास्काच्या उत्तर टोकावरील उत्कियाग्विक या गावच्या शिकाऱ्यांना पहिला देवमासा थेट नोव्हेंबरच्या मध्यात मिळाला. ते कुठून गेले आणि का, याचा शोध आता शिकारी आणि शास्त्रज्ञ दोघांनाही घ्यावा लागत आहे.