सातत्य वेगळं, खाडा न होणं वेगळं

"माझ्यात सातत्यच नाही हो," असं कुणी म्हणालं की मी एकच विचारते: मागच्या वेळी काम सुटलं तेव्हा नेमकं काय झालं होतं? उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. महिनाभर छान चाललं होतं, मग आजारपण आलं, चार दिवस गेले, आणि मग ते राहूनच गेलं. दोष सगळा त्या चार दिवसांच्या माथी जातो. "मग ते राहूनच गेलं" या शब्दांकडे मात्र कुणी पाहत नाही, आणि खरी गोष्ट तिथेच घडलेली असते. या गोंधळापायी चांगली कष्टाळू माणसं स्वतःला आळशी ठरवून शिकणं सोडतात. हे पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

खाडा न होणं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. कॅलेंडरवर रोज एक फुली, नाहीतर अ‍ॅपमध्ये रोज वाढणारा आकडा. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर. सातत्य म्हणजे एखाद्या कामाकडे महिनोन्महिने, वर्षानुवर्षं परत परत येत राहणं. सगळं सुरळीत असतं तोवर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. वेगळी होतात ती पहिल्या चुकलेल्या दिवसानंतर.

साधा हिशेब करा. चौदा आठवडे, म्हणजे ९८ दिवस घ्या. एकजण सलग ४५ दिवस अभ्यास करतो, मग खंड पडतो आणि तो परत फिरकत नाही. दुसरी व्यक्ती आठवड्यातून सोमवार ते शुक्रवार असे पाचच दिवस बसते, पण चौदाही आठवडे. तिचे ७० दिवस भरतात. तिची सलग दिवसांची सर्वांत लांब साखळी मात्र फक्त पाच दिवसांची! साखळी मोजणाऱ्या अ‍ॅपच्या लेखी पहिला पुढे. मुलाखतीत, परीक्षेत किंवा प्रत्यक्ष कामात कोण पुढे असेल, हे सांगायला नकोच.

एका दिवसाच्या खाड्याने सवयीचं नेमकं किती नुकसान होतं, हे तपासून झालेलं आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१० साली छापून आला. ९६ जणांनी खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एक नवी सवय निवडली आणि ८४ दिवस नोंदी ठेवल्या. कृती आपसूक होऊ लागायला लागलेल्या काळाचा मध्यक ६६ दिवस निघाला. पण माणसामाणसांतला फरक प्रचंड होता: कुणाला १८ दिवस, तर कुणाला, नोंदींवरून पुढे काढलेल्या अंदाजानुसार, २५४. याच अभ्यासात दिसलं की अधेमधे एखादी संधी हुकली तरी सवय जडण्याच्या प्रक्रियेवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. "२१ दिवसांत सवय लागते" हे वाक्य त्यामुळे मला अजिबात सहन होत नाही. बाविसाव्या दिवशीही कंटाळा येणाऱ्या माणसाला आपल्यातच काही खोट आहे असं ते वाटायला लावतं.

मग खाडा एवढा महागात का पडतो? दिवस चुकला म्हणून नव्हे. चुकलेल्या दिवसाचा आपण जो अर्थ लावतो त्यामुळे. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी आहारावर काटेकोर बंधन पाळणाऱ्यांना आधी मिल्कशेक दिलं आणि नंतर आइस्क्रीम पुढे ठेवलं. एकदा पोट भरल्यावर त्यांनी आइस्क्रीम कमी खायला हवं होतं. उलट, मिल्कशेक न घेतलेल्या पथ्यकऱ्यांपेक्षा त्यांनी ते जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, आता कशाला मन मारायचं, असा तो विचार. व्यसनमुक्तीवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनीही एकदा पाय घसरणं आणि पुन्हा पूर्ण व्यसनात जाणं या दोन घटना स्पष्टपणे वेगळ्या ठेवल्या. पहिलीकडून दुसरीकडे नेतो तो बहुतांशी "संपलं, माझ्याच्याने होणार नाही" हा निष्कर्ष.

शून्यावर आलेला आकडा नेमका हाच निष्कर्ष छापून हातात देतो. त्याहून वाईट म्हणजे तोवर उत्साहाचा झरा कामातून निघून आकड्यात गेलेला असतो. मी संध्याकाळी संख्याशास्त्र शिकत होते तेव्हा ५८ दिवस सलग झाले होते. मग तीन दिवस तापात गेले. बरी झाल्यावर वही उघडायची तर ५९ लिहिता येणार नव्हतं, आणि १ लिहायची इच्छा होईना. विषय तोच होता, आवडतही होता. वही पाच महिने बंद राहिली. तीन दिवसांच्या तापाने माझे पाच महिने नेले नाहीत. ते त्या आकड्याने नेले, हे मला फार उशिरा कळलं.

"रोज" हा शब्दही याच गोंधळातून येतो. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची २०२० ची शिफारस पाहा: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस. मोजमाप आठवड्याचं आहे. पाठांतराचंही तसंच. एका दमात घोकण्यापेक्षा मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखवून दिलं होतं.

प्रेरणा आणि शिस्त, जिद्द आणि चिकाटी यांवरही लोक तासन्‌तास वाद घालतात. रोजच्या व्यवहारात त्यांतल्या फरकाने फारसं काही अडत नाही, घालू द्या.

साखळी सर्वस्वी निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. सिगारेट सोडणाऱ्याने दिवस मोजावेत, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं औषध ठरल्याप्रमाणेच घ्यावं. नव्या सवयीच्या पहिल्या काही आठवड्यांतही मी स्वतः जरा कडक राहते, कारण लॅलींच्या अभ्यासात सुरुवातीच्या आवर्तनांनी सवय जास्त वेगाने घट्ट होताना दिसली होती. त्यानंतर मात्र साखळी मोडीत काढावी, हे माझं ठाम मत आहे.

तिच्या जागी मी दोन आकडे ठेवते. एक, गेल्या चार आठवड्यांत किती दिवस काम झालं. दुसरा, खंड पडल्यावर परतायला किती दिवस लागले. दुसरा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो. पूर्वी परतायला महिना लागायचा आणि आता तीन दिवस लागतात, तर ही वाढ कुठलंच साखळी-अ‍ॅप दाखवणार नाही.

सुट्ट्याही आधीच ठरवाव्यात. मरिसा शरीफ आणि सुझॅन शू यांच्या २०१७ मधल्या प्रयोगांत सातही दिवसांचं लक्ष्य, पण अडचणीला दोन दिवसांची सूट, अशी मुभा असलेले लोक कडक सात दिवसवाल्यांपेक्षा आणि सरळ पाच दिवसवाल्यांपेक्षाही जास्त टिकले. सूट हाताशी असली की चुकलेला दिवस हिशेबात बसतो, त्याची नामुष्की होत नाही.

दोन गोष्टी मात्र करू नका. खाड्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट काम अंगावर घेऊ नका. परतणं आधीच जड असतं, त्यावर दंड कशाला? आणि सोमवारची किंवा एक तारखेची वाट पाहू नका. आठवडा, महिना, वर्ष सुरू होताना उमेद वाढते हे खरंच आहे, २०१४ मध्ये डाय, मिल्कमन आणि रीस यांनी जिममधल्या हजेरीवरून ते दाखवलं. पण मंगळवारी खंड पडलेल्या माणसाला सोमवार सहा दिवस लांब असतो.

परतायची तयारी काम सुरळीत असतानाच करता येते. रोज काम थांबवून उठताना मी वहीत पुढची पायरी एका ओळीत लिहून ठेवते: कुठल्या पानावरचं कितवं उदाहरण, कुठून पुढे. मध्ये दोन दिवस जावोत की अकरा, परतल्यावर पहिली दहा मिनिटं तेवढीच ओळ करायची. तारीख घालायची, आणि गेलेल्या दिवसांची जागा कोरी सोडायची.