मानेच्या शिरेतली गुठळी: साधी आणि संसर्ग झालेली

मानेच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘जुग्युलर शिरेत गुठळी’ असं लिहून आलं की घरच्यांना वाटतं, आता रक्त पातळ करायचं औषध सुरू होणार. बहुतेकदा तसंच होतं. पण त्या गुठळीत जंतू असतील, तर उपचारांचा क्रम उलटा होतो. आधी अँटिबायोटिक, आणि रक्त पातळ करायचं की नाही हा नंतरचा विचार. पंचाईत अशी, की सोनोग्राफीत दोन्ही गुठळ्या बहुधा सारख्याच दिसतात. शीर फुगलेली, वरून दाबली तरी चपटी न होणारी. डी-डायमर, म्हणजे गुठळीचा सुगावा देणारा रक्ततपासणीतला घटक, दोन्हींत वाढतो. म्हणून आधी काय काय झालं, ते पेशंटला नीट विचारावं लागतं.

साध्या गुठळीमागे बहुधा कारण सापडतं. डायलिसिससाठी किंवा केमोसाठी मानेत घातलेली नळी, कॅन्सर, रक्त लवकर गोठण्याचा आनुवंशिक कल, कधी आयव्हीएफच्या इंजेक्शनांनंतर बीजांडकोशांनी दिलेला अतिप्रतिसाद. मान जड वाटते, चेहरा किंवा हात सुजतो, कित्येकदा काहीच जाणवत नाही. उपचार म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं आणि मग गोळ्या, किमान ३ महिने. या औषधांनी गुठळी लगेच विरघळत नाही. ती वाढायची थांबते आणि पुढचं काम शरीर करतं. नळी नीट चालत असेल, तिची गरज असेल आणि संसर्ग नसेल, तर ती काढावीच लागते असंही नाही.

संसर्ग झालेली गुठळी बहुधा वेगळ्याच माणसाला गाठते: कॉलेजच्या वयाचा, धडधाकट, कधी दवाखान्याची पायरी न चढलेला. सुरुवात घसा दुखण्याने होते. घसा बरा होत आला असं वाटतं आणि आठवड्याभरात, कधी त्याहून उशिरा, हुडहुडी भरून जोराचा ताप येतो. मानेची एकच बाजू, जबड्याखालून गळपट्टीच्या हाडाकडे, दुखू लागते. मग श्वास घेताना छातीत कळ येते, कारण गुठळीचे जंतू भरलेले तुकडे हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसांत जाऊन अडकतात आणि तिथे पू धरतात. काहींच्या सांध्यांत, यकृतातही पू होतो.

याला लेमिएर सिंड्रोम म्हणतात. फ्रेंच डॉक्टर आंद्रे लेमिएर यांनी १९३६ साली अशा २० रुग्णांचं वर्णन केलं. त्यातले १८ दगावले होते. पेनिसिलिन आल्यावर हा आजार इतका मागे पडला की डॉक्टर त्याला ‘विसरलेला आजार’ म्हणू लागले. आज वेळेवर उपचार मिळाले तर बहुसंख्य रुग्ण वाचतात, पण त्यासाठी तो कुणाला तरी आठवायला हवा.

नेहमीचा जंतू आहे फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम. तो ऑक्सिजनशिवाय वाढतो, म्हणून रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) पाठवताना ॲनएरोबिक, म्हणजे ऑक्सिजन नसलेली, बाटलीही भरावी लागते, आणि तीही अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. पण कल्चरच्या उत्तरासाठी उपचार थांबवायचे नसतात.

इथे मला आपल्याकडच्या एका सवयीची काळजी वाटते. घसा धरला की मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची स्ट्रिप आणली जाते. बहुतेक घसे विषाणूमुळे दुखतात, त्यांना ती लागतच नाही. आणि या जंतूवर त्या गटातल्या औषधांचा भरवसा धरता येत नाही. गोळ्या चालू आहेत म्हणून घरचे निश्चिंत राहतात आणि मोलाचे दिवस जातात. घसादुखीनंतर हुडहुडी आणि मानेच्या एकाच बाजूला दुखणं, एवढं दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं.

तिथे मान आणि छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन होतो, कारण जबड्यामागची आणि गळपट्टीच्या हाडाखालची शीर सोनोग्राफीत नीट दिसत नाही. शिरेतून पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनबरोबर मेट्रोनिडॅझोल, अशी औषधं चालू होतात. एकूण उपचार साधारण ३ ते ६ आठवडे, शेवटचा भाग गोळ्यांनी. औषध योग्य असूनही ताप कित्येक दिवस रेंगाळू शकतो. तेवढ्यावरून औषध चुकलं असं समजू नये, पण छातीत किंवा मानेत पू साठलाय का हे पुन्हा बघावं. असला तर तो काढावाच लागतो.

रक्त पातळ करण्याबाबत डॉक्टरांत खरोखर मतभेद आहेत. ठाम उत्तर देतील अशा मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. गुठळी मेंदूच्या शिरांकडे सरकत असेल किंवा अँटिबायोटिक देऊनही वाढत असेल, तर बरेच जण ही औषधं देतात. शीर बांधण्याचं ऑपरेशन आता क्वचितच लागतं.

एक प्रकार या दोन्हींच्या मधला आहे. नळीमुळे झालेल्या साध्या गुठळीत नंतर जंतू शिरतात, बहुधा स्टॅफिलोकोकस. डायलिसिस सुरू झाल्यावर थंडी वाजून ताप येणाऱ्या पेशंटमध्ये ही शंका घ्यावीच लागते. अशा वेळी नळी काढतात, अँटिबायोटिक ४ ते ६ आठवडे चालतं, आणि रक्त पातळ करण्याचं औषधही बहुधा सोबत राहतं.